भांडवल मागायला जाताय? आधी दहा पानं नीट मांडा

तुमच्या गावात शेतकरी उत्पादक कंपनी झाली असेल, तर एक प्रसंग तुमच्यावर आज ना उद्या येणारच. संचालक मंडळी इस्त्रीचे कपडे घालून बँकेत किंवा एखाद्या वित्तसंस्थेच्या कार्यालयात जातात. चहा येतो. समोरचा साहेब म्हणतो, "हं, बोला. काय योजना आहे तुमची?" आणि आपले अध्यक्ष सुरू होतात ते थेट गावाच्या इतिहासापासून. मग सत्काराचे फोटो, मग शेतकऱ्यांच्या हालअपेष्टा. वीस मिनिटं निघून जातात आणि किती पैसे पाहिजेत, ते परत कसे फिटणार, हे सांगायचं राहूनच जातं.

शहरातली धंदेवाईक पोरं या कामासाठी जे कागद तयार करतात, त्याला ते 'पिच डेक' म्हणतात. नाव परकं असलं तरी काम आपल्या ओळखीचं आहे. सोयरीक जमवताना आपण मुलाची जमीन, पाणी, कर्ज, स्वभाव सगळं थोडक्यात सांगतो की नाही, तसंच हे. अमेरिकेतले गाय कावासाकी यांनी त्याचं एक माप सांगितलं आहे : दहा पानं, वीस मिनिटं आणि अक्षर तीस पॉइंटाचं, म्हणजे लांबूनही वाचता येईल असं. बँकेला जाडजूड प्रकल्प अहवाल लागतोच, तो वेगळा. पण तो उघडून बघावा असं साहेबाला वाटायला हवं, त्यासाठी ही दहा पानं.

आता आधी एक कायद्याची गोष्ट लक्षात घ्या, कारण इथं पुष्कळ मंडळी फसतात. उत्पादक कंपनीचा शेअर बाहेरच्या भांडवलदाराला घेता येत नाही, तो उत्पादक सभासदांचाच असतो. तेव्हा "आमच्या कंपनीत पैसे घाला, हिस्सा देतो" असं पानावर लिहून नेलंत तर जाणकार माणूस तिथंच कागद मिटवील. मग मोठा पैसा येतो कसा? नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या 'सह्याद्री'चं उदाहरण घ्या. 2022 साली तिथं इन्कोफिन, कोरिस, एफएमओ आणि प्रोपार्को या युरोपातल्या संस्थांनी 310 कोटी रुपये गुंतवले. ते मूळ शेतकरी कंपनीत नव्हे, तर 'पोस्ट हार्वेस्ट केअर' या तिच्या उपकंपनीत. आपल्यासारख्या लहान कंपन्यांना एवढी उठाठेव परवडत नाही. आपल्याला मागायचं ते कर्जच. म्हणून आपल्या दहा पानांत 'तुम्हाला नफा किती' यापेक्षा 'तुमचे पैसे परत कसे येणार' याला जास्त जागा द्या.

समजा, चारशे सभासदांची कंपनी आहे आणि डाळमिल टाकायची आहे. बहुतेक जण काय करतात? यंत्राचं कोटेशन जोडतात, शेडचा खर्च लिहितात आणि खाली लिहितात, 'एकूण प्रकल्प 25 लाख'. झालं! पण राव, मिल चालवायला तूर लागते आणि तूर येते जानेवारी ते मार्च. डाळ मात्र विकायची वर्षभर. दोन हजार क्विंटल तूर सात हजार रुपये भावानं घेतली तर 1 कोटी 40 लाख रुपये नुसते पोत्यांत अडकले. यंत्राच्या साडेपाच पट! साहेबाची नजर पहिली इथं जाते, आणि आपल्या कागदात नेमकी हीच ओळ नसते.

आता पुढचं गणित करून बघू. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, तुमच्या बाजारचे तुम्ही घाला. एक क्विंटल तुरीची 72 किलो डाळ निघाली आणि 110 रुपयांनी गेली, तर 7,920 रुपये. चुणी आणि टरफल 22 किलो, वीस रुपयांनी 440. बाकी सहा किलो कचरा, धूळ, ओलावा यात गेलं. जमा झाले 8,360. तुरीचे सात हजार, भरडाईचे चारशे, बारदाना-वाहतुकीचे तीनशे, असे 7,700 वजा केले की क्विंटलमागे 660 रुपये राहिले. दोन हजार क्विंटलला 13 लाख 20 हजार. ऐकायला झकास वाटतं. पण माल वर्षभरात हळूहळू विकला तर सरासरी 70 लाख रुपये अडकून राहतात. अकरा टक्क्यांनी त्याचं व्याज 7 लाख 70 हजार. उरले साडेपाच लाख. त्यात यंत्राच्या कर्जाचा हप्ता, व्यवस्थापकाचा पगार आणि विजेचा स्थिर आकार.

पटतंय का, कुठं पाणी मुरतं ते? हे गणित तुम्ही स्वतः मांडलंत तर उपायही तुम्हालाच सुचतो. सगळी तूर स्वतः विकत घेऊ नका, निम्मी सभासदांची डाळ भरडाईवर करून द्या. काही माल गोदामात ठेवून पावतीवर कर्ज उचला. एखाद्या पक्क्या खरेदीदाराशी महिन्याच्या महिन्याला माल उचलण्याचं बोलून घ्या आणि त्याचं पत्र सोबत जोडा. असं एक पत्र दहा प्रशस्तिपत्रांना भारी पडतं.

सरकारी सवलती पानावर जरूर दाखवा, पण त्यांच्या जागी. 2020 साली सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीत दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत सात वर्षांपर्यंत ठेवली गेली. मात्र हा पैसा शेड-यंत्रासारख्या कामांसाठी आहे, तूर खरेदीसाठी नाही. त्याच वर्षीच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत व्यक्तिगत उद्योगाला 35 टक्के, कमाल दहा लाख अनुदान होतं. अर्ज करण्याआधी तालुका कृषी कार्यालयात चालू नियम विचारून घ्या. आणि अनुदान आलं तरच धंदा चालतो असं गणित असेल, तर तो धंदा नव्हे, हे साहेबालाही कळतं.

जोखमीचं एक पान ठेवाच. भाव पडला तर काय, डाळीची आयात वाढली तर काय, पाऊस गेला तर मिल किती दिवस बंद राहील. आपली मंडळी हे लपवतात, जणू समोरच्याला ठाऊकच नाही! अहो, त्याचा दिवस असल्याच प्रकरणांत जातो.

गावातील अधिकाऱ्यांनाही विनंती आहे. जागेचा सातबारा, ठराव, दाखले यांत तारखांचा आणि नावांचा मेळ घालून द्या. सातबाऱ्यावर एक नाव आणि भाडेपट्ट्यावर दुसरं, एवढ्यानंही फाईल महिनोन्महिने पडून राहते.

शेवटी बोलायला कोण जाणार ते आधी ठरवा. अध्यक्षांनी पाच मिनिटं बोलावं, आकडे मात्र जो रोजचा हिशेब लिहितो त्यानं सांगावेत, मग तो पंचविशीतला पोरगा का असेना. निघण्याआधी गावातल्याच एखाद्या निवृत्त बँकवाल्यासमोर किंवा कडक स्वभावाच्या मास्तरांसमोर एकदा सगळं बोलून दाखवा. ते जिथं अडवतील, ते पान पुन्हा लिहा.