फ्यूज उडालाय? नवा टाकण्याआधी दोन मिनिटं थांबा!

व्हिडिओ बघताना आकडे लिहून घ्यायचे राहून जातात, म्हणून या वेळचा सगळा क्रम इथे देतोय.

आधी माझी चूक सांगतो. दुकान टाकलं त्या वर्षी एका ई-सेवा केंद्राच्या दादांचा मॉनिटर आला. पूर्ण डेड. उघडला तर फ्यूज काळा पडलेला. म्हटलं, पाच मिनिटांचं काम! नवा फ्यूज टाकला, स्विच दाबला आणि फट्ट! फ्यूज तर गेलाच, सोबत पॉवर आयसीपण फुटला. आधीच शॉर्ट असलेला मॉसफेट मी तपासलाच नव्हता. शेवटी पदरच्या पैशाने दुसरा बोर्ड घालून दिला. त्या दिवशी कळलं, फ्यूज स्वतःहून उडत नाही, त्याला कोणीतरी उडवतं. आधी तो शोधायचा.

सर्वात आधी जीव. आपल्या घरातला २३० व्होल्ट एसी ब्रिज रेक्टिफायरमधून गेला की मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतो. प्लग काढला तरी तो चार्ज राहू शकतो. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडू नका. २.२ किलो-ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींना जोडून काही सेकंद टेकवा. मग मीटरने बघा, व्होल्टेज शून्याजवळ आलं तरच हात लावा.

१. फॉल्ट खरंच सप्लायचा आहे का? लाइट लागते, चित्र दोन सेकंद येऊन जातं? स्क्रीनवर तिरका टॉर्च मारा. अंधुक चित्र दिसलं तर फॉल्ट बहुतेक बॅकलाइटच्या बाजूला आहे. लाइट लागतच नाही, लुकलुकते किंवा मॉनिटर बऱ्याच वेळाने चालू होतो, तेव्हा सप्लायवर संशय घ्या.

२. डोळ्यांनी बघा. आउटपुटच्या बाजूचे कपॅसिटर वरून फुगलेत का, खाली पाणी सुटलंय का? उशिरा चालू होणाऱ्या मॉनिटरमध्ये हेच जास्त सापडतं. बदलताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, १०५ डिग्रीचा आणि लो-ईएसआर घ्या. प्लस-मायनस उलटं झालं तर कपॅसिटर फुटतो.

३. प्लग काढून मीटर लावा. फ्यूज गेला असेल तर ब्रिजचे चारही डायोड आणि मॉसफेटचे ड्रेन-सोर्स तपासा. मीटरच्या पिना दोन्हीकडून लावून बीप आला तर शॉर्ट समजा. पार्ट काढून पुन्हा तपासा, म्हणजे खात्री होते. मॉसफेट गेला असेल तर सोर्सचा छोटा रेझिस्टर आणि पॉवर आयसीही बघा. काही बोर्डांत मॉसफेट आयसीच्या आतच असतो. आउटपुटचे डायोडही याच वेळी उरकून घ्या.

४. सिरीज बल्बवर चालू करा. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब फेजमध्ये सिरीजला लावा, एलईडी बल्ब चालत नाही. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. फुल पेटून राहिला तर शॉर्ट अजून आहे, पण निदान नवे पार्ट वाचले. मात्र बल्ब लावला म्हणून शॉक लागत नाही असं नाही!

५. आता व्होल्टेज. मोठ्या कपॅसिटरवर ३०० च्या वर आहे, पण आउटपुट शून्य? मग आयसी सुरूच होत नाहीये. त्याच्या सप्लायचा छोटा कपॅसिटर आणि स्टार्टअप रेझिस्टर बघा. आउटपुट बोर्डवर छापलेल्यापेक्षा कमी आहे किंवा वरखाली होतंय? मग फिल्टर कपॅसिटर, नाहीतर पुढच्या बोर्डात लोड आहे. एक लक्षात ठेवा: इनपुटच्या बाजूचं माप तिथल्याच ग्राउंडवरून, आउटपुटचं आउटपुटच्या ग्राउंडवरून. नवीन असाल तर चालू बोर्डवरचं काम जाणकार माणूस शेजारी असल्याशिवाय करू नका.

आता धंद्याचं. या क्रमात आयसी सर्वात शेवटी येतो, बघितलंत? अंदाजाने पार्ट बदलत बसलात तर कमाई पार्टवाल्याची होते. मी तीन नियम पाळतो. तपासणीचा चार्ज उघडण्याआधी सांगायचा. खर्च चांगल्या जुन्या मॉनिटरच्या निम्म्यावर जात असेल तर गिऱ्हाइकाला फोन करून स्पष्ट सांगायचं, "दादा, यात पैसे घालू नका." आणि दुरुस्त झालेला मॉनिटर दोन तास चालवून, काढलेले पार्ट पुडीत बांधून सोबत द्यायचे.

त्या दादांना बोर्ड बदलून देताना मी झालेली चूक लपवली नाही. आज त्यांच्या केंद्राची सगळी मशीनं माझ्याकडेच येतात. पार्ट बाजारात कुठेही मिळतो हो, भरवसा मात्र स्वतःच कमवावा लागतो.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत मीटर हातात आणि प्लग बाहेर!