पीसी-१२ : हात आवरायला शिकवणारं विमान

लहान विमानावर शिकलेल्या वैमानिकाला एक सवय अंगवळणी पडलेली असते. धावपट्टीवर उभं राहायचं आणि थ्रॉटल पार पुढे सारायचा. सेसना १७२च्या पिस्टन इंजिनात जेमतेम १८० अश्वशक्ती; ती सगळी लागते आणि तरी अपुरी वाटते. हाच वैमानिक पिलाटस पीसी-१२च्या डाव्या आसनावर पहिल्यांदा बसतो, तेव्हा शिक्षणाची सुरुवात ही सवय मोडण्यापासून होते.

स्वित्झर्लंडमधल्या स्टान्स इथल्या पिलाटस कंपनीचं हे विमान १९९१मध्ये प्रथम उडालं. आजवर अशी दोन हजारांवर विमानं तयार झाली आहेत. इंजिन एकच, पण नऊ प्रवासी बसतात, कच्च्या धावपट्टीवर उतरता येतं आणि मागच्या रुंद दरवाजातून स्ट्रेचर आत घेता येतं. ऑस्ट्रेलियाच्या दुर्गम भागात रुग्णांपर्यंत पोहोचणारी रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस हे विमान वापरते, ती याच गुणांमुळे.

या सगळ्याचा भार प्रॅट अँड व्हिटनी कॅनडाच्या पीटी६ या टर्बोप्रॉप इंजिनावर असतो. त्यात दोन स्वतंत्र टर्बाइन आहेत. एक हवा दाबणाऱ्या कॉम्प्रेसरला मिनिटाला ३७ हजारांच्या आसपास फेरे देतं. दुसरं गिअरबॉक्समार्फत प्रोपेलर १,७०० फेऱ्यांनी फिरवतं. दोघांना जोडणारा दांडा नाही, मध्ये वाहतो तो फक्त तप्त वायू. त्यामुळे थ्रॉटलच्या जागी असलेला पॉवर लिव्हर पुढे केला तरी ताकद किंचित उशिराने येते, आणि पिस्टन इंजिनाच्या तत्काळ प्रतिसादाची सवय असलेला हात घाईने आणखी पुढे जातो.

खरी परीक्षा त्याआधीच, इंजिन सुरू करताना होते. जुन्या मॉडेलमध्ये स्टार्टरने कॉम्प्रेसरला किमान १३ टक्के वेग दिला की वैमानिक इंधन सोडतो आणि नजर तापमानावर रोखतो. १,००० अंश सेल्सिअस चालतं, पण फक्त ५ सेकंद. बॅटरी अशक्त असेल तर हवा कमी पडते, तापमान उसळतं आणि टर्बाइनची पाती काही क्षणांत खराब होऊ शकतात. म्हणून इंधनाच्या लिव्हरवरचा हात काढायचा नाही. तो तिथे असतो इंधन बंद करण्यासाठी.

उड्डाणातही तेच. लिव्हर हळूहळू पुढे न्यायचा, टॉर्कचा, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या पिळाचा, ठरलेला आकडा आला की थांबायचं. १,२०० अश्वशक्ती ५ मिनिटांपुरती, मग १,०००वर यायचं. इंजिनाची मूळ क्षमता याहून बरीच जास्त आहे. ती राखून ठेवलेली असते उंचीसाठी : विरळ हवेत साध्या पिस्टन इंजिनाला धाप लागते, तिथे हे इंजिन जोमाने चढत राहतं. वर गेल्यावर मात्र टॉर्कऐवजी तापमानाची मर्यादा आड येते.

हे विमान ३० हजार फुटांपर्यंत जातं. २८ हजारांवर केबिनमधला दाब गेला, तर शुद्धीत राहून काही करायला अडीच-तीन मिनिटंच मिळतात. रेडिओ नंतर, आधी ऑक्सिजनचा मास्क. खाली येण्याचा हिशेबही लांबून मांडावा लागतो. विमानतळ दीडशे किलोमीटर दूर असतानाच उतरणं सुरू करावं लागतं. आणि जमिनीला टेकण्याआधी लिव्हर पूर्ण मागे ओढला, तर प्रोपेलरची पाती चपटी होऊन हवा अडवतात आणि विमान धपकन खाली बसतं.

भारतीय हवाई दलाचे कॅडेट २०१३पासून दुंडीगलला पिलाटसच्याच पीसी-७ मार्क-२वर शिकू लागले. त्यातही पीटी६च. पिस्टनच्या सवयी लागण्याआधीच टर्बोप्रॉप हाती आलेल्यांना विसरायचं काही नसतं.

२०१९च्या पीसी-१२ एनजीएक्समध्ये इंजिन संगणकच सुरू करतो आणि टॉर्क-तापमानाच्या मर्यादाही सांभाळतो. हाताचं काम हलकं झालं, पण मनाचं वाढलं. पुढे काळे ढग दिसले की सेसनावाला मुकाट परततो, कारण विमानाला झेपणार नाही हे त्याला ठाऊक असतं. पीसी-१२च्या वैमानिकाला ती सबब बऱ्याचदा उरत नाही. कुठे थांबायचं, हे त्याला स्वतःच ठरवावं लागतं.