मोफत अँटीव्हायरस आणि ब्राउझर अपहरण

संगणकातील विषाणू शोधून नष्ट करण्यासाठी विनामूल्य दिली जाणारी काही अँटीव्हायरस सॉफ्टवेअर स्वतःच्या स्थापनेबरोबर ब्राउझरच्या सेटिंग्जमध्येही बदल करतात. असा बदल वापरकर्त्याने मागितलेला नसेल, त्याच्या लक्षात येईल अशा रीतीने सांगितलेला नसेल किंवा तो सहज मागे घेता येत नसेल, तर त्यास ब्राउझर अपहरण असे म्हटले जाते. हा प्रकार २००८ ते २०१६ या काळात विशेष वाढला. एव्हीजी, अविरा आणि कोमोडो या नामांकित उत्पादनांवरही त्याबद्दल टीका झाली. बनावट अँटीव्हायरस हा याहून वेगळा विषय आहे. बनावट अँटीव्हायरस संगणकात नसलेले विषाणू दाखवून पैसे उकळतो, तर येथे विचारात घेतलेली सॉफ्टवेअर विषाणू ओळखण्याचे काम खरोखर करीत होती. प्रश्न होता तो त्या कामासोबत आलेल्या अन्य गोष्टींचा.

स्वरूप

बदल मुख्यतः तीन ठिकाणी होतात. ब्राउझर उघडताच दिसणारे मुखपृष्ठ बदलते, शोधासाठी वापरले जाणारे मूळ शोधयंत्र बदलते आणि नवीन टॅब उघडल्यावर दिसणाऱ्या कोऱ्या पानाच्या जागी कंपनीचे शोधपान येते. यांच्या जोडीला खिडकीच्या वरच्या भागात एक टूलबार बसतो. काही वेळा कंपनीचा स्वतंत्र ब्राउझरच संगणकात येऊन तो मूळ ब्राउझर म्हणून नेमला जातो.

याखेरीज एक कमी दिसणारा बदल आहे. सुरक्षित जोडणीतून येणारा मजकूर तपासता यावा म्हणून अनेक अँटीव्हायरस संगणकात स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बसवतात. त्यामुळे ब्राउझर आणि संकेतस्थळ यांच्यामधील कुलूपबंद संवाद अँटीव्हायरसला मध्येच उघडून वाचता येतो. हे संरक्षणासाठी केले जात असले, तरी सामान्य वापरकर्त्यास त्याची क्वचितच कल्पना असते.

आर्थिक पार्श्वभूमी

अँटीव्हायरस एकदा तयार करून भागत नाही. नवे विषाणू रोज येतात, त्यांचे नमुने तपासणारे तज्ज्ञ पोसावे लागतात आणि कोट्यवधी संगणकांना अद्ययावत माहिती पुरवणारे सर्व्हर चालवावे लागतात. पुण्याच्या क्विक हीलसारख्या कंपन्यांनी हा खर्च मुख्यत्वे परवाना विकून भागवला. मोफत वाटप करणाऱ्या कंपन्यांपुढे दोन मार्ग होते. मोफत वापरणाऱ्यांपैकी काही जण पुढे सशुल्क आवृत्ती घेतील ही आशा हा पहिला, आणि वापरकर्त्याच्या शोधांतून मिळणारे उत्पन्न हा दुसरा.

दुसऱ्या मार्गाचे गणित सोपे आहे. शोधयंत्राच्या पानावरील जाहिरातीवर कोणी टिचकी मारली की जाहिरातदार शोधयंत्रास पैसे देतो. तो शोध ज्या भागीदाराच्या टूलबारमधून किंवा मुखपृष्ठावरून आला असेल, त्याची सांकेतिक खूण शोधाच्या पत्त्यात जोडलेली असते आणि त्या खुणेनुसार मिळकतीचा वाटा भागीदारास पोहोचतो. एका शोधाचे उत्पन्न नगण्य असते, परंतु कोट्यवधी संगणकांवरील शोध एकत्र केल्यास मोठी रक्कम उभी राहते. ही व्यवस्था मुळात गैर नव्हे. मोझिलासारख्या संस्थेचे कामही बऱ्याच अंशी शोधयंत्रांशी केलेल्या अशाच करारांवर चालते. फरक इतकाच की ब्राउझर स्वतःचे मूळ शोधयंत्र ठरवतो, तर येथे तिसराच कोणी दुसऱ्याच्या ब्राउझरमधील निवड पुसून आपली लिहितो.

संमतीचा प्रश्न

कंपन्यांचे म्हणणे असे की वापरकर्त्यास विचारूनच बदल केला जातो. शब्दशः ते बहुधा खरेही असे. स्थापनेच्या वेळी 'जलद' आणि 'स्वतःच्या आवडीनुसार' असे दोन पर्याय दाखवले जात. पहिल्यापुढे 'शिफारस केलेला' असे लिहिलेले असे आणि टूलबार व शोधयंत्र बदलण्याची संमती त्याच पर्यायात गृहीत धरलेली असे. दुसरा पर्याय निवडणाऱ्यास खुणा आधीच केलेल्या चौकटी दिसत आणि त्या एकेक करून काढाव्या लागत.

विषाणूच्या भीतीने घाईघाईत अँटीव्हायरस बसवणारा मनुष्य 'पुढे' हे बटण दाबत जातो. ज्याच्या हाती संगणकाच्या रक्षणाचे काम सोपवायचे, त्याच्याच शिफारशीवर शंका घेण्याचे कारण त्याला दिसत नाही. याच विश्वासामुळे हा प्रकार सामान्य जाहिरातबाज सॉफ्टवेअरपेक्षा अधिक गंभीर मानला जातो. त्यात डाउनलोडसाठी प्रसिद्ध असलेल्या काही संकेतस्थळांनी आणखी भर घातली. सीनेटच्या डाउनलोड डॉट कॉमने २०११ मध्ये इतरांच्या मोफत सॉफ्टवेअरभोवती स्वतःचे स्थापना-वेष्टन घालण्यास सुरुवात केली आणि त्यातून टूलबार पुढे केले. एनमॅप या साधनाच्या निर्मात्याने त्याच वर्षी याविरुद्ध जाहीर तक्रार केली होती.

बदल कसे घडतात

ब्राउझरच्या निवडी संगणकावरील साध्या फायलींत साठवलेल्या असतात. क्रोम त्या वापरकर्त्याच्या प्रोफाइलमधील 'प्रेफरन्सेस' या फायलींत ठेवतो, फायरफॉक्स 'प्रेफ्स डॉट जेएस' या फायलीत. वापरकर्त्याइतके अधिकार असलेला कोणताही प्रोग्राम या फायली बदलू शकतो आणि अँटीव्हायरसला तर विंडोजमध्ये सर्वोच्च अधिकार असतात. क्रोमने पुढे महत्त्वाच्या नोंदींवर पडताळणीची गणिती मोहोर उमटवण्याची पद्धत आणली. परंतु ती मोहोर तयार करण्याची साधने त्याच संगणकावर असल्याने निश्चयी प्रोग्रामला ती अडवू शकत नाही.

फायरफॉक्समधील एक खाचखळगा येथे सांगण्यासारखा आहे. प्रोफाइलमध्ये 'यूजर डॉट जेएस' नावाची फाइल ठेवल्यास तीतील नोंदी ब्राउझर दर वेळी सुरू होताना पुन्हा लागू होतात. वापरकर्ता सेटिंग्जमध्ये जाऊन मुखपृष्ठ पूर्ववत करतो, ते त्या दिवसापुरते टिकते आणि ब्राउझर पुन्हा उघडताच जुनेच पान समोर येते. संगणकात विषाणू शिरला आहे अशी त्याची समजूत झाल्यास नवल नाही.

विंडोजच्या नोंदवहीतील, म्हणजे रजिस्ट्रीतील, धोरणविषयक नोंदी हा आणखी एक मार्ग आहे. त्या कार्यालयांतील संगणक एकाच ठिकाणाहून नियंत्रित करण्यासाठी आहेत. त्यांद्वारे लादलेले शोधयंत्र वापरकर्त्यास बदलताच येत नाही आणि घरातील संगणकावरही 'आपला ब्राउझर आपल्या संस्थेकडून व्यवस्थापित केला जातो' अशा आशयाचा संदेश दिसू लागतो. याहून प्राथमिक युक्ती म्हणजे ब्राउझरच्या शॉर्टकटमध्ये प्रोग्रामच्या नावापुढे एखादा पत्ता जोडून ठेवणे. अशा वेळी ब्राउझरच्या सेटिंग्ज कितीही तपासल्या तरी दोष सापडत नाही.

एव्हीजी सिक्युअर सर्च

एव्हीजी ही कंपनी १९९१ मध्ये तत्कालीन चेकोस्लोव्हाकियातील ब्रनो येथे ग्रिसॉफ्ट या नावाने स्थापन झाली. तिच्या मोफत अँटीव्हायरसबरोबर 'एव्हीजी सिक्युरिटी टूलबार' आणि 'एव्हीजी सिक्युअर सर्च' ही दिली जात. शोधाच्या निकालांतील धोकादायक दुव्यांविषयी इशारा देणे हा त्यांचा सांगितलेला उपयोग होता. प्रत्यक्षात त्यांसोबत मुखपृष्ठ, शोधयंत्र आणि नव्या टॅबचे पान ही तिन्ही कंपनीच्या शोधपानाकडे वळत.

फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या चौकटीत लिहिलेले शब्द कोणत्या शोधयंत्राकडे पाठवायचे, हे 'कीवर्ड डॉट यूआरएल' ही नोंद ठरवीत असे. ती सर्वसाधारण सेटिंग्जच्या पानावर दिसत नसे. ती पाहण्यासाठी ब्राउझरच्या अंतर्गत मांडणीचे पान उघडावे लागे. टूलबार काढून टाकल्यावरही ही नोंद मागे राही आणि शोध एव्हीजीच्या पानाकडे जात राही. अशा अनेक टूलबारांनी या नोंदीचा गैरवापर केल्याने मोझिलाने २०१३ मध्ये फायरफॉक्स २३ पासून तिचा वापरच बंद केला. यात ती नोंद स्वतःच्या सोयीसाठी विचारपूर्वक बदलणाऱ्या जाणकारांचीही गैरसोय झाली.

वेब ट्यूनअप प्रकरण

या साऱ्याकडे केवळ गैरसोय म्हणून पाहता येणार नाही, हे डिसेंबर २०१५ मध्ये स्पष्ट झाले. एव्हीजी अँटीव्हायरस बसवताना क्रोममध्ये 'वेब ट्यूनअप' हे एक्स्टेन्शन बसवले जाई आणि ते वापरणाऱ्यांची संख्या सुमारे ९० लाख होती. गूगलच्या प्रोजेक्ट झिरो या गटातील संशोधक टॅव्हिस ऑर्मंडी यांना त्याच्या तपासणीत असे आढळले की शोधयंत्र व नव्या टॅबचे पान ताब्यात घेण्यासाठी त्यात अनेक जादा आज्ञा घातलेल्या आहेत आणि त्यांतील कित्येक सदोष आहेत. एक्स्टेन्शन बसवण्याची पद्धतही क्रोमच्या सुरक्षा-तपासण्या टाळणारी होती.

परिणाम असा की कोणत्याही त्रयस्थ संकेतस्थळाला वापरकर्त्याने पूर्वी भेट दिलेल्या पानांची यादी मिळवता येत होती, तसेच अन्य संकेतस्थळांवरील त्याच्या माहितीपर्यंत पोहोचता येत होते. कंपनीने पाठवलेली पहिली दुरुस्तीही अपुरी ठरली. विनंती एव्हीजीच्याच संकेतस्थळाकडून आली आहे काय, हे पाहण्यासाठी पत्त्यात कंपनीच्या संकेतस्थळाचे नाव कोठेही आढळले तरी पुरे मानले जात होते. हल्लेखोराने आपल्या पत्त्याच्या मध्यभागी ती अक्षरे घातली की काम झाले! महिनाअखेर सुधारित आवृत्ती आली, मात्र चौकशी होईपर्यंत कंपनीच्या संकेतस्थळावरून हे एक्स्टेन्शन थेट बसवण्याची सोय गूगलने थांबवली.

कोमोडोचे प्रकरण याच्या पाठोपाठ, २०१६ च्या आरंभी उघड झाले. त्या कंपनीच्या सुरक्षा-संचासोबत क्रोमोडो नावाचा ब्राउझर बसत असे आणि तो क्रोमचे शॉर्टकट स्वतःकडे वळवून सेटिंग्ज आयात करीत असे. एका संकेतस्थळाला दुसऱ्या संकेतस्थळाची माहिती वाचू न देणारा ब्राउझरमधील मूलभूत नियमच त्यात निष्क्रिय असल्याचे ऑर्मंडी यांनी दाखवून दिले.

अविरा आणि आस्क टूलबार

जर्मनीतील टेटनांग येथील अविरा कंपनीने २०११ मध्ये आस्क डॉट कॉमशी भागीदारी केली. घातक संकेतस्थळे अडवणारी 'वेबगार्ड' ही सोय तोवर सशुल्क आवृत्तीतच होती. ती आता मोफत वापरणाऱ्यांनाही खुली झाली, पण टूलबार बसवण्याच्या अटीवर. येथे फसवणूक म्हणता येणार नाही, कारण सौदा उघड होता. तथापि संरक्षणाचा एक भाग जाहिरातीच्या साधनास बांधल्याबद्दल टीका झाली. पुढे अविराने आपली भूमिका बदलून नको असलेली सॉफ्टवेअर चिकटवणाऱ्या स्थापना-साधनांनाच अडवण्यास सुरुवात केली. मायक्रोसॉफ्टने जून २०१५ मध्ये आस्क टूलबारच्या जुन्या आवृत्त्यांची गणना नको असलेल्या सॉफ्टवेअरमध्ये केली.

ब्राउझर निर्मात्यांचे उपाय

नोव्हेंबर २०११ मधील फायरफॉक्स ८ पासून अन्य प्रोग्रामने बाहेरून बसवलेली एक्स्टेन्शन वापरकर्त्याने होकार देईपर्यंत बंद ठेवली जाऊ लागली. क्रोमने २०१३ मध्ये आवृत्ती २५ पासून असाच नियम केला आणि २०१४ मध्ये विंडोजवरील एक्स्टेन्शन केवळ स्वतःच्या वेब स्टोअरमधूनच घेता येतील असे ठरवले. सेटिंग्ज परस्पर बदलल्याचे आढळल्यास त्या पूर्ववत करण्याविषयी विचारणाही क्रोम करू लागला. मायक्रोसॉफ्टने २०१६ पासून ब्राउझरमध्ये बदल करणाऱ्या प्रोग्रामना त्या ब्राउझरने ठरवून दिलेल्या मार्गानेच जाण्याचे बंधन घातले. दरम्यान २०१२ मधील विंडोज ८ पासून अँटीव्हायरस विंडोजमध्येच अंतर्भूत झाल्याने मोफत अँटीव्हायरसची गरजही कमी झाली.

टूलबारांकडून माहितीविक्रीकडे

अवास्टने २०१६ मध्ये एव्हीजी विकत घेतली. टूलबारांचे दिवस सरत असताना ब्राउझरमधील एक्स्टेन्शनद्वारे गोळा होणाऱ्या भेटींच्या नोंदी हे उत्पन्नाचे साधन झाले होते. जम्पशॉट या उपकंपनीमार्फत अवास्ट ही माहिती विकत असल्याचे जानेवारी २०२० मध्ये मदरबोर्ड आणि पीसीमॅग यांच्या संयुक्त शोधवार्तेतून उघड झाले. महिना संपण्यापूर्वीच कंपनीने जम्पशॉट बंद करण्याची घोषणा केली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्यास सांगितले आणि ब्राउझरमधील भेटींची माहिती जाहिरातीसाठी विकण्यास मनाई केली. माहितीचा माग रोखण्याचे आश्वासन देऊन ही उत्पादने दिली गेली होती, हा आयोगाच्या तक्रारीतील कळीचा मुद्दा होता.

भारतातील नियम

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीस प्रतिबंध करणारी मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत असे १३ प्रकार दिले आहेत. ग्राहकाने न मागितलेली गोष्ट घेणे भाग पाडणे आणि पडद्यावरील मांडणीद्वारे त्यास विशिष्ट पर्यायाकडे ढकलणे हे दोन्ही प्रकार त्यांत येतात. बनावट विषाणूची भीती घालून पैसे उकळणे हाही एक प्रकार म्हणून स्वतंत्रपणे नोंदवलेला आहे.

बदल पूर्ववत करणे

येथे क्रमाला महत्त्व आहे. टूलबार किंवा त्याचा साहाय्यक प्रोग्राम संगणकात असताना ब्राउझरच्या सेटिंग्ज बदलल्यास त्या पुन्हा उलटण्याचा संभव असतो, म्हणून आधी विंडोजच्या प्रोग्राम-यादीतून तो काढावा लागतो. अँटीव्हायरस आणि टूलबार यांच्या नोंदी तेथे बहुधा स्वतंत्र असतात. एक काढल्याने दुसरा जातोच असे नाही. त्यानंतर ब्राउझरमधील एक्स्टेन्शनची यादी, शॉर्टकटमधील पत्ता आणि धोरणविषयक नोंदी पाहून शेवटी सेटिंग्ज मूळ स्थितीत आणण्याची सोय वापरली जाते. या सोयीने बुकमार्क व साठवलेले पासवर्ड पुसले जात नाहीत.

अँटीव्हायरसच काढायचा असल्यास बहुतेक कंपन्या त्यासाठी स्वतंत्र साधन देतात, कारण नेहमीच्या पद्धतीने काढल्यावर काही फायली व नोंदी मागे राहू शकतात. विंडोज १० आणि ११ मध्ये अन्य अँटीव्हायरस काढून टाकल्यावर अंतर्भूत डिफेंडर आपोआप सुरू होतो.