मुलांचे गेम आणि जुना कॉम्प्युटर : कोणता लिनक्स घ्यावा?

"सर, दुकानदार म्हणतो कॉम्प्युटर बदला. नवा घ्यायला पैसे कुठून आणू?" माझ्या वर्गातल्या एका मुलाच्या अब्बांचा हा सवाल. तो आज बऱ्याच घरांत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि बरेच जुने प्रोसेसर त्यात बसत नाहीत. मशीन चांगलं चालत असूनही निकामी ठरतं.

यावर एक रास्ता म्हणजे लिनक्स. ते मोफत आहे आणि कायदेशीरही, चोरीची कॉपी वापरायची गरज नाही. पण मुलगा लगेच विचारतो, "माझे गेम चालतील का?"

पूर्वी याचं उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच होतं. २०१८ मध्ये स्टीमवाल्या व्हॉल्व्ह कंपनीने प्रोटॉन आणलं. विंडोजसाठी बनवलेला गेम ते लिनक्सवर चालवतं. कंपनीचं स्टीम डेक हे हातातलं गेमिंग मशीनही लिनक्सवरच चालतं. तरी सगळे गेम चालतात असं नाही. म्हणून लिनक्सचं नाव ठरवण्याआधी तीन गोष्टी पाहा.

पहिली, गेमची यादी. मुलाला कागदावर लिहायला सांगा. काउंटर-स्ट्राइक २, डोटा २, माइनक्राफ्टची जावा आवृत्ती हे लिनक्सवर चालतात. वॅलोरंट आणि फोर्टनाइट चालत नाहीत. कारण त्यांचं चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर लिनक्स स्वीकारत नाही. कुठलाही लिनक्स घेतला तरी यात फरक पडणार नाही. बाकी गेमसाठी 'प्रोटॉनडीबी' या वेबसाइटवर नाव टाका. खेळणाऱ्यांनी स्वतःचा अनुभव तिथे लिहिलेला असतो.

दुसरी, ग्राफिक्स कार्ड. एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीपासून असतात. एनव्हिडियाचा चांगला ड्रायव्हर बहुतेक वेळा वेगळा टाकावा लागतो. आणि एक गैरसमज दूर करा : लिनक्स टाकल्याने कमजोर कार्डाची ताकद वाढत नाही. प्रोटॉनला व्हल्कन नावाचं तंत्र लागतं. ज्या जुन्या कार्डात ते नाही, त्यावर नवे गेम चालवायची उमेद ठेवू नका.

तिसरी, कॉम्प्युटर कोण कोण वापरतं? बहिणीचा अभ्यास, अब्बांचा हिशोब आणि संध्याकाळी गेम, असं असेल तर लिनक्स मिंट घ्या. त्याचा मेनू विंडोजसारखा आहे आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकायला 'ड्रायव्हर मॅनेजर' आहे. मशीन मुख्यतः गेमसाठीच असेल किंवा कार्ड अगदी नवं असेल, तर बझाइट पाहा. डाउनलोड करतानाच ते तुमचं कार्ड विचारतं, स्टीम त्यात आधीच असतं, आणि अपडेट बिघडलं तर मागच्या आवृत्तीवर परत जाता येतं. आर्चवर बनलेला कॅशीओएस वेगवान म्हणून मुलांच्या तोंडी असतो, पण बिघाड स्वतः दुरुस्त करायची तयारी असेल तरच त्याकडे जा.

टाकण्याआधी फोटो, प्रोजेक्ट, कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर घ्या. इन्स्टॉल करताना चुकीचं बटण दाबलं तर सगळं पुसलं जातं. मिंट पेनड्राइव्हवरून आधी चालवून बघता येतं. वायफाय, आवाज, प्रिंटर ठीक आहे का ते तपासा, मगच पुढे जा.

त्या मुलाच्या यादीत माइनक्राफ्ट होतं आणि वॅलोरंटही. मी त्याला साफ सांगितलं, वॅलोरंट जाईल. दोन दिवस तो गप्प होता. मग म्हणाला, "सर, चालेल. नवा कॉम्प्युटर नको म्हणा अब्बांना." आम्ही मिंट टाकलं. ही निवड त्यानेच करणं जरूरी होतं. आपण न विचारता परस्पर लिनक्स टाकलं असतं, तर पहिल्याच संध्याकाळी घरात भांडण झालं असतं.