कधी सुरू, कधी बंद : असेंबल्ड पीसीविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुलै संपत आला की धाराशिव जिल्ह्यातल्या आपले सरकार सेवा केंद्रांत खरीप पीक विम्याची गर्दी वाढते. सातबारा, आधार, पासबुक हातात घेऊन सोयाबीनवाले शेतकरी उभे असतात, मुदत जवळ आलेली असते आणि नेमक्या त्या वेळी केंद्रातला डेस्कटॉप बटण दाबूनही उठत नाही. दुसऱ्यांदा दाबल्यावरही नाही. तिसऱ्यांदा मात्र काही झालेच नाही असा सुरू होतो.

असे पीसी बहुधा असेंबल्ड असतात. मदरबोर्ड एका कंपनीचा, रॅम दुसरीची, एसएमपीएस तिसरीचा. कोणी सोलापुरातून आणलेले, कोणी लातूरहून, कोणी पुण्याहून. प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, म्हणून नेमका कोणता भाग बिघडला हे आधी ठरवावे लागते. चुकीचा भाग पाठवला तर तो तपासून 'ठीक आहे' म्हणून परत येतो आणि तेवढे दिवस काम थांबते.

पूर्ण बंद पडलेल्या पीसीचा बिघाड शोधणे त्या मानाने सोपे असते. अधूनमधून अडणाऱ्या पीसीत खरी अडचण ही की काहीही केले तरी तो एकदा तरी सुरू होतोच, आणि त्याचे श्रेय आपण शेवटच्या उपायाला देतो. खालचे बहुतेक गैरसमज असेच तयार झाले आहेत.

त्याआधी क्रम समजून घेऊ. बटण दाबल्यावर एसएमपीएस घरातल्या २३० व्होल्ट एसी विजेपासून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी तयार करतो. हे दाब स्थिर झाले की तो मदरबोर्डला 'पॉवर गुड' संकेत देतो. एटीएक्स मानकात त्यासाठी १०० ते ५०० मिलिसेकंद दिले आहेत. मग बायोस प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्स तपासते. या तपासणीला पोस्ट म्हणतात. त्यानंतर एसएसडी किंवा हार्ड डिस्क शोधली जाते आणि सर्वांत शेवटी विंडोज सुरू होते.

गैरसमज १ : विंडोज बिघडली आहे, फॉरमॅट मारला की होईल.

वस्तुस्थिती : कंपनीचा लोगो दिसण्याआधीच पडदा काळा राहत असेल, तर विंडोजची पाळी अजून आलेलीच नसते. अशा वेळी फॉरमॅट मारल्याने फक्त डेटा जातो, बिघाड तिथेच राहतो. लोगो येतो पण पुढे 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असा संदेश दिसतो, तर आधी साटा केबल आणि एसएसडी नीट बसवून पाहावी. विंडोजचे गोल फिरू लागल्यानंतर पीसी अडत असेल तरच सॉफ्टवेअरकडे वळावे. तिथेही एक गोष्ट तपासण्यासारखी आहे. विंडोज ८ पासून आलेले 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल, तर शटडाउन करताना विंडोजचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळे नव्याने सुरू होते. म्हणून रीस्टार्ट नीट होतो पण शटडाउननंतर अडतो, असे असेल तर हा पर्याय बंद करून पाहावा.

गैरसमज २ : पंखा फिरतो, लाइट लागते, म्हणजे एसएमपीएस ठीक आहे.

वस्तुस्थिती : पंख्याला फक्त १२ व्होल्ट लागतात आणि ते थोडे कमी मिळाले तरी तो फिरतो. प्रोसेसरला एवढी सूट नसते. मानकानुसार १२ व्होल्टची वाहिनी ११.४ ते १२.६ च्या आत आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ च्या आत राहायला हवी. जुन्या किंवा हलक्या एसएमपीएसमधले कॅपॅसिटर थकले की थंड अवस्थेत दाब लवकर स्थिर होत नाही. म्हणूनच डिसेंबरातल्या सकाळी दोन-तीनदा बटण दाबावे लागते आणि एकदा तापल्यावर पीसी दिवसभर बरा चालतो. हे लक्षण आढळले तर पहिला संशय एसएमपीएसवर घ्यावा.

खोक्यावर छापलेल्या वॅटच्या मोठ्या आकड्यावरही विसंबू नये. लेबलवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे. २० अँपिअर असतील तर त्या वाहिनीतून २४० वॅटच मिळतात, आणि आजचे प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड मुख्यतः तिच्यावरच चालतात. प्रोसेसरजवळचा ४ किंवा ८ पिनांचा वेगळा कनेक्टर सैल असला तरी पंखे फिरतात आणि पडदा काळा राहतो, म्हणून तोही दाबून पाहावा. एसएमपीएसचे झाकण मात्र स्वतः उघडू नये. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर दाब साठलेला असतो आणि प्लग काढल्यानंतरही काही वेळ तो टिकतो.

गैरसमज ३ : रॅम खोडरबराने घासली की काम झाले.

वस्तुस्थिती : काम बहुधा घासल्याने होत नाही, काढून पुन्हा बसवल्याने होते. रोजच्या तापण्या-निवण्याने आणि धुळीने संपर्क सैल झालेला असतो, तो परत घट्ट होतो. रॅमच्या पिनांवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो. वारंवार घासल्याने तो झिजतो आणि खोडरबराचा भुगा स्लॉटमध्ये अडकतो. पिना पुसायच्याच असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ कापड वापरावे. प्लग काढलेला असावा आणि रॅमला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते.

हेच पुन्हा पुन्हा करावे लागत असेल तर दोन्ही रॅम एकेक करून वेगवेगळ्या स्लॉटमध्ये लावून पाहाव्यात. एकच रॅम प्रत्येक ठिकाणी अडली तर रॅम दोषी, कुठलीही रॅम एकाच ठिकाणी अडली तर स्लॉट. बायोसमधले एक्सएमपी किंवा एक्स्पोही बंद करून पाहावे. खोक्यावर लिहिलेला रॅमचा वेग बहुधा याच सेटिंगवर मिळतो आणि तो मूळ मानक वेगापेक्षा जास्त असतो. प्रत्येक मदरबोर्डला तो झेपतोच असे नाही.

गैरसमज ४ : सेल संपला म्हणून पीसी उठत नाही.

वस्तुस्थिती : मदरबोर्डवरचा सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल घड्याळ चालू ठेवतो, आणि पुष्कळ मदरबोर्डांत बायोसच्या सेटिंगही त्याच्यावर टिकतात. तो संपला की तारीख मागे जाते, मग तारीख चुकीची म्हणून सरकारी संकेतस्थळे उघडताना सुरक्षिततेचा इशारा येतो. बूटचा क्रमही बदलू शकतो. पण सेल संपला म्हणून पडदा पूर्ण काळा राहणे क्वचितच घडते. सेल स्वस्त आहे, जरूर बदलावा. तारीख बरोबर असूनही पीसी अडत असेल तर कारण दुसरीकडे शोधावे.

गैरसमज ५ : नव्या पीसीचा पडदा दोन मिनिटे काळा राहिला, म्हणजे मदरबोर्ड गेला.

वस्तुस्थिती : डीडीआर५ रॅमचे पीसी पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड आणि रॅम यांचा मेळ बसवून घेतात. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. रॅम जास्त असेल तर त्याला काही मिनिटे लागतात. रॅम बदलल्यावर किंवा बायोस अपडेट केल्यावरही हे पुन्हा होते. घाईने बटण दाबून पीसी बंद केला की काम पहिल्यापासून सुरू होते. अनेक मदरबोर्डांवर सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. जो दिवा लागून राहतो, गाडी तिथे अडली आहे.

गैरसमज ६ : सुरू होऊन लगेच बंद पडतो, म्हणजे प्रोसेसर तापला.

वस्तुस्थिती : पंख्याची पट्टी निसटली असेल तर तसे होऊ शकते. पण सुरू झाल्यावर साधारण चार सेकंदांनी बंद पडणे हे वेगळे लक्षण आहे. पॉवर बटण चार सेकंद दाबून धरले की पीसी बंद व्हावा, अशी रचनाच असते. धूळ बसून बटण आत अडकले की पीसी तेच समजतो. मदरबोर्डवरून पॉवर स्विचची वायर काढून त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडाव्यात. पीसी नीट चालू राहिला तर बिघाड कॅबिनेटच्या बटणात आहे.

गैरसमज ७ : यूपीएस किंवा इन्व्हर्टर आहे, त्यामुळे विजेचा प्रश्न नाही.

वस्तुस्थिती : लाइट गेल्यावर बॅटरीवर येईपर्यंत काही मिलिसेकंद जातात. चांगला एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद स्वतःच्या साठ्यावर तग धरतो, हलका तेवढा धरत नाही. घरगुती इन्व्हर्टर 'नॉर्मल' किंवा 'इको' मोडवर असेल तर बदलाला आणखी वेळ लागतो. मागे 'यूपीएस' मोडचे बटण असेल तर पीसीसाठी तेच निवडावे.

दुसरी बाजू अर्थिंगची. एसएमपीएसमधल्या फिल्टरमुळे, अर्थिंग नसेल तर, कॅबिनेटवर अर्ध्या पुरवठ्याएवढा दाब दिसू शकतो. पत्र्याला हात लावल्यावर येणाऱ्या झिणझिण्या त्याच्याच. सर्ज प्रोटेक्टरलाही जादा दाब जमिनीत सोडण्यासाठी अर्थिंग लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, माती कोरडी पडते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहावे. वायरमनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजून घ्यावा; तो दोन-तीन व्होल्टच्या आत असलेला बरा. अवकाळीत विजा कडाडू लागल्या की मात्र प्लगच काढावा, सोबत इंटरनेटची तांब्याची केबलही. जवळ पडलेली वीज अडवणे साध्या यूपीएसच्या आवाक्यात नसते.

मग शोध कसा घ्यायचा?

आधी भिंतीतला सॉकेट आणि एक्स्टेन्शन बोर्ड बदलून पाहा. मग कमीत कमी भागांवर पीसी सुरू करा : मदरबोर्ड, प्रोसेसर, एक रॅम, एसएमपीएस आणि पडदा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि प्रत्येक वेळी पीसी कुठे अडला, थंड होता की तापलेला, ते वहीत लिहा. संशय आलेल्या भागाच्या जागी ओळखीच्या चालू पीसीतला भाग लावा आणि काही दिवस सकाळी थंड अवस्थेत सुरू करून पाहा. बिघाड गेला तर जुना भाग मुद्दाम परत बसवा. बिघाडही परत आला, तरच तो भाग दोषी धरा. एकदा सुरू झाला एवढ्यावर कोणत्याही उपायावर विश्वास ठेवू नका. दोन्ही बाजूंनी पटलेला पुरावा घेऊन दुकानात गेलात तर योग्य भागच वॉरंटीत जाईल, आणि चांगले भाग बदलण्यात पैसे जाणार नाहीत. हा शोध मे-जूनमध्येच उरकावा, कारण जुलैच्या रांगेत बिघाड शोधायला कोणालाच सवड नसते.