कांटा काढण्याचा चिमटा

घरांत उपयोगी पडणाऱ्या लहानसहान वस्तूंपैकीं चिमटा ही एक अशी वस्तु आहे, कीं जिची आठवण गरज पडेपर्यंत कोणालाहि होत नाहीं. खिडकीच्या जुन्या चौकटीवरून हात फिरवितांना लांकडाचें कुसळ बोटांत जातें, खराट्याचा हीर तळहातांत मोडतो, फुटलेल्या पेल्याचा कण टाचेंत घुसतो, आणि मग साऱ्या घराची धांवपळ सुरू होते. कोणी टांचणी शोधतो, कोणी नखें कापण्याची कातर आणतो, कोणी भुंवया कोरण्याचा चिमटा पुढें करतो. कांट्यानें कांटा काढावा ही म्हण व्यवहारांत कितीहि खरी असली, तरी शरीरांत शिरलेल्या कांट्याच्या बाबतींत तिच्यावर फारसें विसंबतां येत नाहीं. टांचणीनें उकरलेला कांटा पुष्कळदां आंतच मोडतो, आणि अर्ध्या मिनिटाचें काम डॉक्टरांच्या सुरीपर्यंत जातें. हें टाळावयाचें तर घरांत एक चांगला चिमटा असला पाहिजे, आणि चांगला कोणता हें विकत घेण्यापूर्वींच ठाऊक असलें पाहिजे.

कांटा सबंध निघणें इतकें अगत्याचें कां, हें प्रथम पाहूं जातां असें दिसतें, कीं लांकूड, बांबू, बाभळीचा कांटा हे वनस्पतिजन्य पदार्थ आहेत. ते कातडीखालीं राहिले म्हणजे ओलाव्यानें मऊ पडतात, आणि त्यांच्याबरोबर आलेल्या मातींतील जंतूंना आयताच आसरा मिळतो. शरीर त्यांना पचवूं शकत नाहीं. म्हणून त्यांच्याभोंवतीं सूज येते, पू होतो. कांच आणि धातु यांचे कण सहसा इतक्या लौकर बाधत नाहींत, पण हालतां-चालतां टोंचत राहतात. शिवाय क्ष-किरणांच्या चित्रांत कांच व धातु बहुधा दिसतात, लांकूड मात्र बहुधा दिसत नाहीं. त्यासाठीं ध्वनिलहरींची तपासणी, म्हणजे सोनोग्राफी, करावी लागते. आंत मोडलेला लांकडाचा तुकडा असा डॉक्टरांनाहि चकवितो. तेव्हां पहिल्याच खेपेस तो अखंड बाहेर काढणें हेंच शहाणपणाचें.

चिमट्याचें यंत्रशास्त्र अगदीं साधें आहे. शाळेंत शिकविल्या जाणाऱ्या तिसऱ्या प्रकारच्या तरफेचें तें नेहमींचें उदाहरण होय. दोन पातीं जेथें जोडलेलीं असतात तो टेकू; मध्यें बोटांचा जोर; आणि टोंकाशीं भार. ११ सेंटिमीटर लांबीचा चिमटा बरोबर मध्यावर दाबला, तर टोंकाला बोटांच्या जोराच्या निम्माच जोर पोंचतो. पात्यांचा ताण मोडण्यांत जो खर्च होतो तो वेगळाच. उलट टोंकाची हालचाल बोटांच्या दुप्पट होते. जोरांत तोटा आणि हालचालींत नफा, असा हा व्यवहार आहे. यांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. बोटें टोंकाकडे सरकवून चिमटा धरला, तर पकड अधिक घट्ट होते, ही एक. आणि हाताशीं असलेला थोडका जोर अत्यंत लहान जागेवर एकवटला पाहिजे, ही दुसरी. तो एकवटण्याचें काम टोंकाचें असल्यामुळें चिमट्याची सारी परीक्षा टोंकापाशींच होते.

बाजारांत मुख्यतः तीन तऱ्हेचे चिमटे मिळतात. पहिल्याचें टोंक चपटें व सरळ, दुसऱ्याचें तिरकस कापलेलें, आणि तिसऱ्याचें निमुळतें, अणकुचीदार असतें. तिरकस टोंकाचा चिमटा भुंवयांचे केस उपटण्यास उत्तम. कारण त्याची कड बरीच लांब असते व केस तिच्यांत कोठेंहि सांपडतो. परंतु कातडीच्या पातळीशीं जेमतेम डोकावणारा कांटा त्याच्या कडेंत येत नाहीं. कातडीच तेवढी चिमटली जाते. कांट्यासाठीं निमुळतें टोंकच हवें. मात्र येथेंहि अतिरेक नको. घड्याळजीच्या कामाचे सुईसारखे बारीक चिमटे हातांतून एकदां फरशीवर पडले, कीं टोंकें वांकतात, आणि तीं सरळ करणें घरच्या माणसाचें काम नव्हे. बारीक पण बळकट, असें टोंक पाहावें. आंतल्या बाजूस खाचा असल्या, तर त्या एकमेकींत नीट बसतात कीं नाहीं हें पाहावें. मऊ कुसळाला खोल खाचांपेक्षां सपाट, गुळगुळीत टोंकच बरें. कारण खाचांनीं तें चिरडून तुटतें.

दुकानांतच चार सोप्या परीक्षा करतां येतात. चिमटा हलकेच मिटून उजेडासमोर धरावा. टोंकें अगदीं शेवटपर्यंत मिळालेलीं असून त्यांमधून उजेड दिसतां कामा नये. नंतर तो जोरानें दाबून पाहावा. पातीं नरम असलीं, तर तीं मध्यें आंत वांकतात आणि टोंकें उलट उघडतात. म्हणजे माणूस जितका जोर लावील तितका कांटा सुटेल. तिसऱ्या वेळीं दाबतांना टोंकें एकमेकांवरून सरकून कात्रीसारखीं होत नाहींत ना, तें पाहावें. शेवटची परीक्षा सर्वांत खरी : मनगटावरचा एकच केस धरून ओढावा. तो न निसटतां, न तुटतां ताणला गेला, तर टोंकें जुळलेलीं आहेत असें समजावें. पात्यांचा ताणहि फार कडक नसावा. बोटें थकलीं म्हणजे हात कांपूं लागतो.

धातूच्या बाबतींत गंज न चढणारें पोलाद निर्विवाद श्रेष्ठ. इंग्लंडांतील शेफील्ड येथें १९१३ सालीं हॅरी ब्रेअर्ली हा बंदुकीच्या नळ्या झिजूं नयेत म्हणून नवें पोलाद शोधीत असतां सुमारें १३ टक्के क्रोमियम असलेलें पोलाद त्याच्या हातीं आलें, आणि तें गंजत नाहीं असें त्याच्या ध्यानांत आलें. त्यांतील क्रोमियमचा अतिशय पातळ थर हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून धातूचें रक्षण करतो व ओरखडा पडल्यास आपोआप पुन्हां तयार होतो. साध्या लोखंडावर चढविलेल्या मुलाम्याची गोष्ट तशी नाहीं. तो टोंकापाशींच प्रथम उडतो व तेथेंच गंज धरतो. लोहचुंबक चिकटला म्हणजे पोलाद हलकें, असा एक समज आहे. पण तो चुकीचा आहे. शस्त्रक्रियेच्या कित्येक उत्तम हत्यारांचें कठीण पोलाद चुंबकाला चिकटतें.

चिमटा चांगला असला तरी हात घाईचा असूं नये. प्रथम हात आणि कांटा शिरलेली जागा साबणानें धुवावी. लांकडाचें कुसळ असल्यास तें फार वेळ पाण्यांत भिजवूं नये, कारण भिजल्यानें तें फुगून फुटतें. जागा दाबून पिळूं नये. त्यानेंहि कांटा मोडतो. चिमटा १० मिनिटें पाण्यांत उकळावा अथवा ७० टक्के स्पिरिटानें पुसावा. निव्वळ स्पिरिटापेक्षां हें पाणी मिसळलेलें स्पिरिट जंतूंना अधिक मारक असतें. ज्योतींत चिमटा धरण्याची चाल सोडावी. त्यामुळें टोंकावर काजळी बसते आणि पोलादाचें पाणी उतरतें. भरपूर उजेडांत, भिंगाखालीं पाहून, कांट्याचें टोंक पकडावें आणि ज्या दिशेनें तो आंत गेला त्याच दिशेनें सावकाश ओढावा. टोंक कातडीखालीं असेल, तर शुद्ध केलेल्या सुईनें वरची पातळ कातडी किंचित् उघडावी. नंतर जागा पुन्हां धुवून व्हॅसलीन लावावें. मूल असेल, तर त्याला आधीं खरें तें सांगावें. ‘कांहीं दुखणार नाहीं’ असें म्हणून फसविलेलें मूल पुढच्या वेळीं कांटा लपवितें, आणि लपविलेला कांटाच पिकतो.

कांहीं प्रसंगीं मात्र चिमटा खालीं ठेवणें हेंच खरें कौशल्य. डोळ्यांतील कण, नखाखालीं खोल गेलेलें कुसळ, आंकड्यासारखा गळ, किंवा टोंक दिसेनासें झालेला कांटा यांना घरीं हात लावूं नये. सूज वाढली, पू झाला किंवा लाल रेघ वर चढूं लागली, तर त्याच दिवशीं डॉक्टरांना दाखवावें. मधुमेही माणसाच्या पायाला पुष्कळदां संवेदना कमी असते. शिरलेला कांटा त्याला कळतच नाहीं, आणि त्यांतून पाय गमावण्यापर्यंत पाळी येऊं शकते. अशा घरांत रोज रात्रीं तळपाय पाहण्याची संवय हवी, आणि कांटा आढळला तर तो डॉक्टरांकडूनच काढवावा. धनुर्वाताचे जंतु मातींत असतात. म्हणून लस केव्हां घेतली याची नोंद ठेवावी. भारताच्या लसीकरण-कार्यक्रमांत ती मुलांना १० व्या व १६ व्या वर्षीं पुन्हां देतात. पण पुढें प्रौढांना तिचा विसर पडतो. मळकट जखम झाली आणि शेवटची लस घेऊन ५ वर्षें उलटलीं असलीं, तर डॉक्टरांना विचारावें. स्वच्छ, लहान जखमेस ही मुदत १० वर्षांची आहे.

असा चिमटा घरीं आला, कीं त्याच्या टोंकांवर टोपण किंवा बारीक नळीचा तुकडा बसवून तो भिंग, सुई आणि स्पिरिटाची बाटली यांच्यासह एका डब्यांत ठेवावा. त्यानें तिकिटें उचलूं नयेत, तारा वांकवूं नयेत, भुंवयाहि कोरूं नयेत. वापर झाल्यावर तो धुवून, कोरडा करून परत डब्यांत जावा, आणि तो डबा कोठें असतो हें घरांतील प्रत्येक जाणत्या माणसाला अंधारांतहि सांगतां यावें.