पाकिटावर शेवटी उमटणारी ओळ

बिस्किटांच्या पुड्यावरचे नाव, चित्र आणि घटकांची यादी माल भरण्याच्या कितीतरी आधी छापून तयार असते. बॅच नंबर आणि तारखा मात्र आधी छापून ठेवता येत नाहीत. माल भरला जात असतानाच, धावत्या लाइनवर त्या उमटवाव्या लागतात. उद्योगात या छपाईला ‘कोडिंग’ म्हणतात.

लहान कारखान्यांत अजूनही रबरी शिक्का चालतो. पण मिनिटाला शेकडो बाटल्या पुढे सरकत असतील तर स्पर्श न करता छापणारे यंत्रच हवे. १९६०च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात रिचर्ड स्वीट यांनी विकसित केलेल्या तंत्रातून असा सतत धारेचा इंकजेट प्रिंटर आला. त्याच्या नोझलचे छिद्र जेमतेम केसाएवढे असते. आतला स्फटिक सेकंदाला हजारो वेळा थरथरतो आणि शाईची धार एकसारख्या थेंबांत तुटते. अक्षरासाठी हव्या असलेल्या थेंबांना तुटतानाच विद्युतभार मिळतो. पुढे उच्च विद्युतदाबाच्या पट्ट्यांमधून जाताना ते आपापल्या भारानुसार कमीअधिक वळतात. थेंबांची उभी रांग पडते तोवर बाटली किंचित सरकलेली असते, तिच्या शेजारी दुसरी रांग पडते आणि ठिपक्यांचे अक्षर तयार होते. भार नसलेले थेंब सरळ जाऊन एका नळीत पडतात आणि टाकीत परततात. धारेतले बहुतेक थेंब असेच परततात, हे या यंत्राचे खरे कौतुक.

प्लॅस्टिकवर किंवा धातूवर शाई मुरत नाही, म्हणून ती सेकंद-दोन सेकंदांत वाळणारी लागते. तिच्यातला द्रावक सतत उडून जातो आणि यंत्र तो मोजूनमापून पुन्हा मिसळत राहते. थंड पेयाच्या बाटलीवर बाहेरून पाणी सुटते. छपाईआधी हवेच्या झोताने ते उडवले नाही, तर चांगल्या शाईचीही तारीख बोटाने पुसली जाते.

वेफर्सच्या पाकिटाच्या फिल्मवर बहुधा थर्मल ट्रान्सफर वापरतात. यात तापलेले हेड रिबिनीवरची शाई फिल्मवर उतरवते आणि अक्षरे रेखीव येतात. लेझरला शाईच लागत नाही. तो खोक्यावरचा रंगाचा थर जाळतो किंवा प्लॅस्टिकच्या बाटलीवर कोरतो. यंत्र महाग, पण खूण पुसणे जवळपास अशक्य.

भारतात अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२०च्या लेबलिंग नियमांनुसार उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि मुदत संपण्याची तारीख, दोन्ही द्याव्या लागतात. ‘बेस्ट बिफोर’ त्यांच्या जोडीला देता येते, त्यांच्याऐवजी नाही. ग्राहक तारीख पाहतो. कारखान्याला बॅच नंबरही तितकाच मोलाचा, कारण दोष सापडल्यावर नेमका कोणता माल बाजारातून परत मागवायचा हे त्यावरूनच ठरते. तो वाचता आला नाही, तर चांगला मालही परत मागवावा लागतो.

पुसट अक्षर लाइनवरचा कॅमेरा पकडू शकतो. मजकूरच चुकीचा भरला गेला, तर यंत्र तो हजारो पाकिटांवर सुबकपणे छापत जाते. म्हणून मोठ्या कारखान्यांत ऑपरेटरला तारीख हाताने टाइप करू देत नाहीत. उत्पादनाचा बारकोड स्कॅन केला की त्याचा मजकूर प्रिंटरमध्ये येतो आणि तारखा यंत्राच्या घड्याळावरून ठरतात.